अन्नजाळं चुकतं कुठे? एका चौरस मीटरचं अन्नजाळं काढण्याची पद्धत

गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार ही साखळी बहुतेक मुलांना पाठ असते. त्याच मुलांना एखाद्या झाडाखाली बसवून ‘आता इथलं अन्नजाळं काढा’ म्हटलं की तीन चुका हमखास होतात. बाण उलटे पडतात. बुरशी आणि जिवाणू एकतर विसरले जातात किंवा घारीच्या पुढे शेवटची कडी म्हणून चिकटवले जातात. आणि झाड मातीतून ‘अन्न’ घेताना दाखवलं जातं.

या चुकांचं मूळ बहुतेक वेळा कामाच्या क्रमात असतं. उत्पादक, भक्षक, विघटक असे रकाने आधी आखले जातात, मग त्यांत बसतील असे प्राणी आठवले जातात आणि बाण घाईघाईने शेवटी ओढले जातात. खालची पद्धत याच्या उलट जाते. आधी जागा, मग तिथले सजीव, मग कोण काय खातं, मग बाण, आणि व्याख्या त्यानंतर. साधारण नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांबरोबर काम करणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना ती एका आठवड्यात सहज करून घेता येते. एका बैठकीत उरकू नका. निरीक्षण आणि चित्र यांच्यात एक रात्र जाऊ द्या.

## तयारी

सामान थोडंच लागतं: चार मीटर सुतळी, चार खुंट्या, भिंग, जुनं पांढरं कापड, पोस्टकार्डाएवढी पंचवीस-तीस कोरी कार्डं, एक मोठा कागद, दोन रंगांच्या पेन्सिली आणि मिलिमीटरच्या चौकटींचा आलेख कागद. फोटो काढता आले तर उत्तम, पण फोटो काढला म्हणून वहीतली नोंद टाळू नका. किडा पानाच्या वरच्या बाजूला होता की खालच्या, खात होता की नुसता बसला होता, हे फोटोत पुष्कळदा दिसत नाही.

वेळा दोन ठेवा, एक सकाळची आणि एक अंधार पडल्यानंतरची. गोगलगाय, पाल, रातकिडे यांची खरी हालचाल रात्री सुरू होते. फक्त दुपारी पाहिलं तर मुंग्या, माश्या आणि दोन पक्षी एवढंच हाती लागतं, आणि मग बाकीची कार्डं पुस्तकातून भरली जातात.

सावधान: दगड किंवा ओंडका उचलताना पलीकडची कड उचला. म्हणजे दगड तुमच्या आणि खालच्या प्राण्याच्या मध्ये राहतो आणि प्राणी पळाला तरी विरुद्ध दिशेला पळतो. बिळात बोट घालायचं नाही. पाहून झाल्यावर दगड होता तसा हलकेच ठेवायचा, आणि शेवटी साबणाने हात धुवायचे.

## टप्पा १: जागेला हद्द घाला

सुतळीने १ मीटर बाय १ मीटरचा चौकोन आखा. झाडाखालची सावली, कुंपणाकडेचं गवत, छोटं डबकं, काहीही चालेल. ‘जंगल’ किंवा ‘समुद्र’ घेऊ नका. मुलांना वाघ हवा असतो, हे मान्य. पण वाघाचं अन्नजाळं काढताना त्यातली एकही गोष्ट डोळ्यांनी तपासता येत नाही, आणि तपासता येत नाही तिथे पाठ केलेलं उतरवलं जातं.

चौकोन आखला म्हणजे परिसंस्था बंद झाली असं मात्र नाही. वरून पानं गळतात, पक्षी येऊन अळी उचलून नेतो, पावसाचं पाणी माती वाहून नेतं. कागदाच्या डाव्या समासात ‘बाहेरून येतं’ आणि उजव्या समासात ‘बाहेर जातं’ असं लिहून ठेवा. या दोन समासांचा उपयोग सहाव्या टप्प्यात होईल.

## टप्पा २: निर्जीव गोष्टी आधी टिपा

प्रकाश किती वेळ येतो, माती ओली आहे की कोरडी, सावली कुठून कुठे सरकते, पाणी साचतं का? पाच-सहा ओळी पुरेत. हे अजैविक घटक. यांची कार्डं करायची नाहीत, कारण अन्नजाळ्यातले बाण फक्त खाण्याचे असतात.

दोन ठिकाणी इथे गफलत होते. सूर्याला काही मुलं पहिला उत्पादक म्हणतात. सूर्य ऊर्जेचा स्रोत आहे. उत्पादक म्हणजे त्या ऊर्जेतून अन्न तयार करणारा सजीव. सूर्य दाखवायचाच असेल तर कागदाच्या कडेला, जाळ्याच्या बाहेर काढा.

दुसरी गफलत मातीची आहे आणि ती जास्त चिवट आहे. वनस्पतीचं अन्न मातीत नसतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी शोषलेलं पाणी यांच्यापासून, प्रकाशाच्या मदतीने, हिरवी पानं ते बनवतात. मातीतून पाण्याबरोबर खनिजंही येतात. ती अत्यावश्यक असतात, पण त्यांतून ऊर्जा मिळत नाही. मूल ‘झाड माती खातं’ या समजुतीने पुढे गेलं तर विघटकांचा भाग त्याला कधीच नीट लागणार नाही. म्हणून इथे थांबून एकच प्रश्न विचारा: झाडाचं एवढं वजन आलं कुठून? उत्तरात ‘हवा’ हा शब्द आला की पुढे चला.

## टप्पा ३: सजीव शोधा, दिसलेले आणि न दिसलेले

प्रत्येक सजीवासाठी एक कार्ड. कार्डाच्या कोपऱ्यात खूण करायची: ‘दि’ म्हणजे स्वतः दिसला, ‘खू’ म्हणजे त्याची खूण सापडली, ‘पु’ म्हणजे पुस्तकात वाचला किंवा कुणी सांगितला. शेवटी ‘पु’ची कार्डं सगळ्यात जास्त निघाली तर चौकोनाकडे परत जायचं.

खुणा वाचायला मुलांना फार आवडतं, तेव्हा इथे घाई करू नका. पानाची कड अर्धगोल कुरतडलेली असेल तर कुणीतरी चावून खाणारं आहे. पानाच्या आत नागमोडी पांढरट रेघ असेल तर पानाच्या दोन थरांमध्ये राहून खाणारी नागअळी असण्याची शक्यता आहे. जमिनीवरची चकाकती, वाळलेली रेघ गोगलगाईची. मातीच्या बारीक गोळ्यांचा ढीग गांडुळाचा. कोवळा शेंडा चिकट झाला असेल आणि त्यावर मुंग्यांची ये-जा असेल तर पान उलटून पाहा, मावा सापडेल. फांदीखाली पांढरं कापड धरून फांदी हलकेच झटका. पानांच्या रंगात मिसळलेले कोळी आणि अळ्या कापडावर उठून दिसतात.

आता ओल्या, कुजक्या पानांचा थर उचला. पानांच्या मध्ये पांढरे, कापसासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. तिचं कार्ड लगेच करा. जिवाणू भिंगाने दिसणार नाहीत, तरी त्यांचंही कार्ड हवंच. त्यावर ‘खू’ लिहा, कारण कुजलेलं पान हीच त्यांची खूण आहे.

इथे चुकतं:

- ‘किडा’, ‘पक्षी’, ‘गवत’ अशी मोघम नावं. नेमकं नाव माहीत नसेल तर वर्णन लिहा: ‘लाल, काळ्या ठिपक्यांचा, पाठ ढालीसारखी’. नाव नंतर शोधता येतं.
- एका प्राण्याच्या सगळ्या अवस्था एकाच कार्डावर. सुरवंट पानं खातो, फुलपाखरू मधुरस पितं. बेडकाचं पिल्लू मुख्यतः शेवाळावर जगतं आणि मोठा बेडूक कीटक पकडतो. चतुराची पिल्लं पाण्यात राहून डासांच्या अळ्या खातात. प्रत्येक अवस्थेचं वेगळं कार्ड करा.
- वाणी आणि गोम यांची अदलाबदल. वाणी सावकाश चालतो, स्पर्श झाला की वेटोळं करतो आणि कुजकी पानं खातो. गोम चपळ असते, शिकार करते आणि चावते. तिला हात लावायचा नाही.

## टप्पा ४: कोण काय खातं?

प्रत्येक कार्डाच्या मागे एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायचं: हा, या वयात, या जागी काय खातो? ‘या जागी’ हे शब्द गाळू नका. घुबड उंदीर खातं हे खरं, पण चौकोनात आणि आसपास उंदराची एकही खूण नसेल तर तो बाण तुमच्या जाळ्यात येत नाही.

एकापेक्षा जास्त गोष्टी खाणारे बरेच निघतील. चिमणी दाणे टिपते, पण पिल्लांना भरवायला अळ्या आणि कीटक नेते. दोन्ही लिहा. याच जागी साखळीचं जाळं व्हायला लागतं, त्यामुळे ‘मुख्य अन्न एकच लिहा’ असं सांगून काम सोपं करू नका.

मादी डास अंडी घालण्यासाठी रक्त पिते, नर डास फुलांचा रस पितो. चौकोनात डास असतील तर निरीक्षण करणाऱ्या मुलाचंही एक कार्ड होतं. मुलं हे कार्ड फार आनंदाने करतात.

## टप्पा ५: बाण

सर्वाधिक चुका या टप्प्यात होतात.

नियम एकच: बाण खाल्ल्या जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे. बाण अन्नाचा आणि त्यातल्या ऊर्जेचा प्रवास दाखवतो. कोण कुणावर झडप घालतो, हे तो दाखवत नाही.

नियम माहीत असूनही मुलं चुकतात, कारण आपण वाक्य बोलतो ते ‘नाकतोडा गवत खातो’ असं. नाकतोडा आधी येतो, हात तिथून सुरू होतो आणि बाण गवताकडे जातो. म्हणून बाण ओढताना वाक्यच बदला: ‘गवत नाकतोड्याच्या पोटात जातं.’ आता बोलण्याचा क्रम आणि बाणाची दिशा जुळतात. सुरुवातीचे दहा-बारा बाण हे वाक्य मोठ्याने म्हणतच ओढू द्या. थोडं हास्यास्पद वाटतं, पण उपाय लागू पडतो.

काम या क्रमाने करा:

१. सगळी कार्डं मोठ्या कागदावर मांडा, चिकटवू नका. हिरव्या वनस्पती खाली ठेवा, बाकीची वर कशीही.

२. आधी फक्त वनस्पतींकडून निघणारे बाण काढा. पान, फूल, फळ, बी, मूळ यांपैकी काय खाल्लं जातं ते बाणावर बारीक अक्षरात लिहा.

३. मग प्राण्यांकडून प्राण्यांकडे जाणारे बाण.

४. बाणांची गर्दी झाली की कार्डं सरकवा. त्यानंतरच चिकटवा.

काही जोड्यांवर वाद होतील, ते होऊ द्यावेत. मुंगी माव्याला खात नसली तरी त्याच्या अंगातून निघणारा गोड स्राव पिते. बाण माव्याकडून मुंगीकडे जातो, मावा मेला नाही तरीही. परजीवीचंही तसंच: ज्याच्या अंगावर तो जगतो त्याच्याकडून परजीवीकडे बाण. पक्षी झाडावर घरटं बांधतो, तिथे बाण नाही, कारण कुणी काही खाल्लेलं नाही. कोळी दोन काड्यांच्या आधाराने जाळं विणतो, तिथेही नाही. फुलाकडून मधमाशीकडे बाण आहे, कारण तिने रस घेतला. परागकण दुसऱ्या फुलापर्यंत पोचले हा वेगळा संबंध आहे आणि तो या चित्रात येत नाही.

तपासणी: हिरव्या वनस्पतीच्या कार्डात एकही बाण *शिरलेला* नसावा. शिरला असेल तर तो उलटा आहे. (कीटक पकडणाऱ्या वनस्पती हा अपवाद आहे. त्याही अन्न प्रकाशापासूनच बनवतात, कीटकांतून त्यांना मुख्यतः नायट्रोजनसारखी पोषकद्रव्यं मिळतात. लहान वर्गात हा फाटा फोडला नाही तरी चालेल.) दुसरी तपासणी: सगळ्यात वरच्या प्राण्यावर बोट ठेवा आणि बाणांच्या उलट दिशेने मागे चालत या. शेवटी बोट हिरव्या वनस्पतीवर आलं पाहिजे. मध्येच थांबलं तर एखादं कार्ड राहून गेलंय.

## टप्पा ६: कुजण्याचा भाग जोडा

‘घार मेली की विघटक तिला खातात, म्हणून विघटक शेवटी’ हे उत्तर वर्गात फार वेळा बरोबर धरलं जातं. ते अपुरं आहे. चौकोनातलं बरंचसं गवत आणि पानं जिवंत असताना कुणी खात नाही, ती वाळून थेट जमिनीवर पडतात. म्हणजे कुजण्याची वाट अगदी पहिल्या पायरीपासून फुटते.

कागदाच्या तळाशी ‘मृत अवशेष आणि विष्ठा’ असा एक लांबट डबा काढा. जाळ्यातल्या प्रत्येक कार्डाकडून या डब्यात बाण यायला हवा. सगळे बाण ओढले तर चित्र वाचता येणार नाही, तेव्हा एका कंसाने सगळी कार्डं जोडून एकच जाड बाण काढा. टप्पा १ मधला ‘बाहेरून येतं’ हा समासही इथे जोडा, कारण वरच्या झाडाची गळलेली पानं याच डब्यात येतात.

डब्यातून पुढे दोन प्रकारचे बाण निघतात. एक गांडूळ, वाणी, वाळवी यांच्याकडे, जे कुजकं खाऊन त्याचे बारीक तुकडे करतात. दुसरा बुरशी आणि जिवाणूंकडे, जे उरलेल्याचं पार साध्या द्रव्यांपर्यंत विघटन करतात. काटेकोरपणे विघटक म्हणतात ते या दुसऱ्या गटाला. आणि वाट इथे संपत नाही: गांडूळ पक्ष्याच्या पोटात जातं, बुरशी गोगलगाईच्या. ते बाण पुन्हा वर चढवा.

आता दुसऱ्या रंगाची पेन्सिल घ्या. बुरशी आणि जिवाणूंकडून मातीकडे आणि मातीकडून वनस्पतींच्या मुळांकडे तुटक रेषा काढा. ही खनिजांची वाट. रंग वेगळा ठेवण्याला कारण आहे. खनिजं फिरून परत येतात, ऊर्जा परत येत नाही. एकाच रंगात काढलं की मूल ‘ऊर्जेचं चक्र’ असं लिहितं, आणि तसं काही नसतं.

## टप्पा ७: आता नावं द्या

इतकं झाल्यावर व्याख्या सांगायला फार वेळ लागत नाही. अन्न बनवतो तो उत्पादक. उत्पादकाला खातो तो प्राथमिक भक्षक, त्याला खाणारा द्वितीयक, त्याच्यावरचा तृतीयक.

फक्त पातळीचं नाव कार्डावर कायमचं लिहू नका. दाणा खाणारी चिमणी प्राथमिक भक्षक आहे आणि अळी खाणारी तीच चिमणी द्वितीयक भक्षक. पातळी ठरते कुठल्या वाटेने अन्न आलं त्यावरून. मुलाला एक वाट बोटाने दाखवायला सांगा आणि *त्या वाटेवर* पातळ्या मोजायला लावा.

अळंबी जमिनीतून उगवते म्हणून ती वनस्पती ठरत नाही. तिच्यात हरितद्रव्य नाही, ती तयार अन्नावर जगते. पिवळ्या दोऱ्यांसारखी दुसऱ्या झाडावर पसरणारी अमरवेल वनस्पतीच आहे, पण तिला पानं जवळजवळ नसतात आणि ती यजमान झाडातून रस घेते. तिला उत्पादकांत टाकू नका. बांडगूळ हिरवं असतं. ते यजमानाकडून पाणी आणि खनिजं घेतं, पण स्वतःचं अन्न पानांत बनवतंही. अशा अडचणीच्या कार्डावर प्रश्नचिन्ह राहिलं तरी बिघडत नाही.

## टप्पा ८: ऊर्जेचा हिशोब कागदावर

आलेख कागदावर १० सेंटिमीटर बाजूचा चौरस आखा. त्यात मिलिमीटरच्या १०,००० चौकटी आहेत. ही गवतात साठलेली ऊर्जा समजा. एका पातळीवरून पुढच्या पातळीच्या शरीरात सरासरी दहावा भाग पोचतो असं धरलं, तर नाकतोड्यांसाठी १ सेंटिमीटर रुंदीची पट्टी रंगवा, म्हणजे १,००० चौकटी. बेडकांसाठी १ सेंटिमीटर बाजूचा चौरस, १०० चौकटी. सापांसाठी १० चौकटींची एक रेघ. घारीसाठी एक चौकट. ती एक चौकट रंगवताना साखळ्या चार-पाच कड्यांच्या पुढे फारशा का जात नाहीत, हे मुलांना आपोआप दिसतं.

दहावा भाग हा ढोबळ अंदाज आहे. प्रत्यक्षात हा वाटा प्राण्यानुसार आणि जागेनुसार बराच कमी-जास्त असतो. उरलेले नऊ भाग ‘नष्ट’ होतात असं लिहू देऊ नका. काही भाग खाल्लाच जात नाही, काही विष्ठेतून जातो आणि हे दोन्ही तळाच्या डब्यात पोचतात. श्वसनातून सुटलेली ऊर्जा हालचाल आणि शरीराची कामं यांत खर्च होऊन शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते.

सावधान: ऊर्जेचा मनोरा (पातळ्या एकावर एक रचून प्रत्येकीतली ऊर्जा दाखवणारा) आणि संख्येचा मनोरा (प्रत्येक पातळीवर किती सजीव आहेत ते दाखवणारा) यांत गल्लत होते. एका झाडावर हजारो मावे असू शकतात, तिथे संख्येचा मनोरा तळाशी अरुंद होतो. ऊर्जेचा मनोरा मात्र कधी उलटा होत नाही.

## टप्पा ९: एक कार्ड उचला

जाळं बरोबर जमलं का, हे इथे कळतं. एका कार्डावर हात ठेवा आणि विचारा, हा नाहीसा झाला तर? ‘सगळे मरतील’ हे उत्तर स्वीकारायचं नाही. मुलाने बाण वाचून तीन गोष्टी सांगाव्यात: याला खाणाऱ्यांकडे दुसरा पर्याय आहे का, हा ज्याला खात होता त्याचं काय होईल, आणि त्याच अन्नावर जगणारा दुसरा कुणी आहे का. प्रत्येक शेजारच्या कार्डावर वाढेल, घटेल किंवा ‘सांगता येत नाही’ असं लिहायचं. जिथे दोन वाटांनी विरुद्ध परिणाम येतात तिथे ‘सांगता येत नाही’ हेच बरोबर उत्तर आहे, त्याला पूर्ण गुण द्या.

परिणाम फक्त वरच्या दिशेने जातो, ही इथली ठरलेली चूक. उदाहरण समुद्रातलं घ्या. समुद्री ऊदमांजर सागरी साळिंदरं (सी अर्चिन नावाचे काटेरी, गोल सागरी प्राणी) खातं आणि ती केल्प नावाचं मोठं समुद्री शेवाळ खातात. ऊदमांजरं कमी झालेल्या किनाऱ्यांवर साळिंदरं वाढली आणि केल्पची दाट रानं उजाड झाली. धक्का वरून खाली आला. तुमच्या चौकोनात हेच पाहायचं तर माव्यावर जगणाऱ्या ढालकिड्याचं (लेडीबर्ड) कार्ड उचला आणि माव्याखालच्या रोपाचं काय होईल ते विचारा.

चित्रावर तारीख, वेळ आणि हवामान लिहून ठेवा. ऋतू बदलल्यावर त्याच जागी सुतळी पुन्हा लावा आणि त्याच कागदावर तिसऱ्या रंगाने नवे बाण जोडा. जे कार्ड या वेळी सापडलं नाही ते फाडू नका, त्याच्यावर बारीक फुली मारून तारीख घाला.